मनाची बैठक

मुंबईजवळ बोरिवलीच्या डोंगरात कान्हेरी येथे शंभराहून अधिक लेणी आहेत. त्यांतील बरीचशी बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी कोरलेली असून त्यांची रचना अगदी साधी आहे. पुढे ओसरी, आत लहानशी खोली, भिंतीलगत खडकातच घडविलेला ओटा आणि जवळपास पावसाचे पाणी साठविण्याचे टाके. शतकानुशतके भिक्षू येथे राहिले, शिकले आणि ध्यानास बसले. पाहुण्यांची गर्दी भव्य चैत्यगृहाकडे लोटते. त्या उघड्या ओट्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक ध्यान म्हणजे रोज त्याच जागी येऊन बसणे, ही गोष्ट समजून घेण्यास तो ओटाच अधिक उपयोगी आहे.

ध्यान म्हणजे मन रिकामे करणे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नव्हे. मन एका ठिकाणी लावावयाचे, ते तेथून निसटले की ओळखावयाचे आणि रागावल्यावाचून परत आणावयाचे, एवढीच ही क्रिया आहे. कोणी त्यासाठी देवाचे नाम घेतात, कोणी दिव्याची ज्योत पाहतात. विद्यार्थ्याला सर्वांत सोयीचा आधार म्हणजे स्वतःचा श्वास. तो कोठेही विसरून राहत नाही! मांडी घालून, पाठ सरळ पण सैल ठेवून बसावे आणि नाकपुड्यांशी जाणवणाऱ्या श्वासाकडे लक्ष द्यावे. तो मुद्दाम लांबवू नये किंवा कोंडून धरू नये. श्वासाचे नियमन करणे म्हणजे प्राणायाम. ती निराळी विद्या असून जाणत्या शिक्षकाजवळच शिकावी.

श्वासाचा शरीराशी किती निकटचा संबंध आहे, हे तुम्हांला घरीच पाहता येईल. स्वस्थ बसून मनगटावरील नाडीवर बोटे ठेवा. श्वास आत घेताना नाडी किंचित जलद चालते व सोडताना किंचित मंदावते. लहान वयात हा फरक विशेष स्पष्ट असतो.

आता सातवीतील एखादा विद्यार्थी घेऊ. ध्यानाची थोरवी ऐकून तो पहिल्याच दिवशी अर्धा तास बसण्याचा निश्चय करतो. तिसऱ्या मिनिटाला त्याला अपुरे राहिलेले बीजगणित आठवते. मग स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येतो, पाठोपाठ कालचा हुकलेला झेल डोळ्यांपुढे उभा राहतो. असे पाच-सहा दिवस गेले की तो आसन गुंडाळून ठेवतो. माझे मनच चंचल आहे, हे काम माझे नव्हे, असे त्याला वाटू लागते. पुष्कळांचे ध्यान येथेच संपते आणि ते एका गैरसमजुतीमुळे संपते. त्याचे मन वीस वेळा पळाले, हे खरे; परंतु वीस वेळा त्याने ते परत आणले, ही गोष्ट तो हिशेबातच धरीत नाही. तालमीत बैठका काढणारा मुलगा, आपल्याला पुन्हा पुन्हा खाली बसावे लागते म्हणून तक्रार करतो काय? त्या खाली-वर होण्यालाच व्यायाम म्हणतात. मनाच्या बैठकाही तशाच असतात.

दुसरी गोष्ट मापाची. शहाणा शेतकरी नव्या खोंडाला पहिल्याच दिवशी दिवसभर नांगराला जुंपत नाही. तो आधी त्याला जुवाची सवय लावतो. आपल्या विद्यार्थ्याने तीनच मिनिटे बसावे. त्यासाठी रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाचा शेजार धरावा. जसे, स्नान झाले की लगेच आसन. वेळ आठवणीवर सोपविली तर ती हमखास निसटते.

लंडन येथील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या बाबतीत उद्बोधक आहे. ९६ जणांनी प्रत्येकी एक लहानशी नवी गोष्ट निवडली आणि ती रोज एका ठरावीक प्रसंगी करण्याचा नेम धरला. ती अंगवळणी पडण्यास कोणाला सुमारे १८ दिवस पुरावेत, तर कोणाला २५४ लागावेत, असे अनुमान निघाले. मधला आकडा ६६ होता. म्हणजे मित्राची सवय महिन्यात जडली आणि आपली जडली नाही, तर त्यात खेद मानण्याचे कारण नाही. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही त्यात आढळले.

पतंजलींनी योगसूत्रांत अभ्यास दृढ होण्यास तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत: दीर्घ काळ, अखंडपणा आणि आदर. मग एक दिवस चुकला तर अखंडपणा मोडला काय? मला तसे वाटत नाही. चुकलेल्या दिवसाचे निमित्त करून दुसरा दिवसही सोडून देणे, हा खरा खंड होय. लंडनच्या संशोधकांनी दिवस मोजले. आदर मात्र मोजपट्टीत सापडणारा नव्हे. विद्यार्थ्यापुरता त्याचा अर्थ साधा आहे: बसावयाची जागा स्वतः झाडावी, आसन स्वतः घालावे आणि ठरलेली मिनिटे संपण्यापूर्वी कोणी खेळावयास हाक मारली तरी उठू नये.

ध्यानाने परीक्षेत गुण वाढतात, अशी हमी देणाऱ्यांवर एकदम विश्वास ठेवू नये. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापिली, ती योगक्रियांचे परिणाम प्रयोगशाळेत तपासून पाहण्याच्या हेतूने. तीच चौकस वृत्ती आपणही ठेवावी. नियमाने बसणाऱ्या मुलाला काही महिन्यांनी एखादी लहानशी गोष्ट जाणवू शकते. धाकट्या भावाने वहीवर रेघोट्या ओढल्या की त्याला राग येतोच. पण हात उगारण्यापूर्वी, राग येत आहे, हे त्याच्या ध्यानात येते. तसेच डोळे मिटल्यावर कोणाला भीती वाटली किंवा दुःखद विचार दाटून आले, तर हट्टाने बसून राहू नये. डोळे उघडावे, उठावे आणि घरातील मोठ्या माणसाला सांगावे.

तीन मिनिटे सहज जाऊ लागली की पाच करावीत. पुढे सावकाश दहा. मध्येच दिवाळीची सुट्टी लागते आणि आजोळी घर पाहुण्यांनी भरून जाते. तेथे ना आसन, ना एकांत. चार दिवस तसेच निघून जातात. पाचव्या दिवशी स्नान झाल्यावर त्याला आठवण होते. अशा वेळी दहा मिनिटांचा आग्रह धरू नये. माजघरात भावंडांचा गलबला चालू असेल, तर मागल्या दारी गोठ्याजवळच्या पायरीवर बसावे आणि पुन्हा तीन मिनिटांपासून आरंभ करावा.