मुतखडा होणाऱ्या कुत्र्याचे पथ्य: शंभर वर्षांचा मागोवा

कुत्र्याच्या मूत्राशयात होणारे खडे एकाच द्रव्याचे नसतात. स्ट्रुव्हाइट, कॅल्शियम ऑक्झलेट, युरेट आणि सिस्टीन हे त्यांचे मुख्य प्रकार. एकाला मानवणारे पथ्य दुसऱ्याला अपायकारक ठरू शकते. हे नीट उमगायला विसावे शतक जवळजवळ सरावे लागले.

पहिला धागा डाल्मेशियन जातीत सापडला. इतर कुत्र्यांच्या यकृतात युरिक आम्लाचे रूपांतर सहज विरघळणाऱ्या अ‍ॅलंटॉइनमध्ये होते. डाल्मेशियनच्या लघवीत मात्र युरिक आम्ल मोठ्या प्रमाणात तसेच उतरते, हे स्टॅन्ली बेनेडिक्ट यांनी १९१६ मध्ये नोंदवले. युरिक आम्ल प्युरिनपासून तयार होते. त्यामुळे युरेट खड्यांच्या पथ्यात प्युरिन भरपूर असलेले कलेजी, गुर्दे, तारली मासे वर्ज्य ठरले. अंडी आणि दुग्धजन्य पदार्थ चालतात. शिवाय अल्कधर्मी लघवीत युरेट अधिक विरघळते. या दोषामागचे जनुक २००८ मध्ये निश्चित झाले.

आजारानुसार तयार अन्न देण्याची कल्पना १९४० च्या दशकात रुजली. अमेरिकी पशुवैद्य मार्क मॉरिस यांनी मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या ‘बडी’ या अंधांच्या वाटाड्या कुत्रीसाठी बेताच्या प्रथिनांचे अन्न तयार केले. १९४८ पासून ते टोपेका येथील कारखान्यात डबाबंद होऊ लागले. मूत्राशयातील खड्यांवर मात्र तेव्हाही शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय होता.

खरे वळण १९८० च्या दशकात आले. मिनेसोटा विद्यापीठात कार्ल ऑस्बोर्न यांच्या पुढाकाराने १९८१ मध्ये खड्यांचे पृथक्करण करणारे केंद्र सुरू झाले. तेव्हा तपासलेल्या खड्यांत स्ट्रुव्हाइट सुमारे ७८ टक्के, तर ऑक्झलेट सुमारे ५ टक्के होते. कुत्र्यातील स्ट्रुव्हाइट बहुधा जंतुसंसर्गातून होतो: जंतू लघवीतील युरियाचा अमोनिया करतात, लघवी अल्कधर्मी होते आणि मॅग्नेशियम, अमोनियम व फॉस्फेट एकत्र येऊन खडा धरतो. प्रथिने, फॉस्फरस व मॅग्नेशियम कमी असलेले, लघवी आम्लधर्मी करणारे अन्न आणि सोबत प्रतिजैविक दिले, की हा खडा काही आठवड्यांत ते महिन्यांत विरघळतो, हे ऑस्बोर्न यांच्या गटाने दाखवले. असे अन्न उपचारापुरतेच असते; वाढत्या पिल्लांना ते योग्य नाही. पुन्हा खडा होऊ नये म्हणून आहारापेक्षा संसर्गावर लक्ष ठेवणे महत्त्वाचे ठरते.

पुढच्या दोन दशकांत चित्र पालटले. २००० च्या दशकाच्या मध्यापर्यंत स्ट्रुव्हाइट आणि ऑक्झलेट हे दोन्ही प्रकार प्रत्येकी ४० टक्क्यांच्या आसपास आले. याचा काही भाग हिशोबाचा आहे, कारण विरघळलेला खडा प्रयोगशाळेत पोहोचतच नाही. तरीही संशय आम्लधर्मी आहारावर गेला, कारण आम्लता वाढली की लघवीतून जास्त कॅल्शियम जाते. ऑक्झलेट तर आहाराने विरघळतच नाही. मिनिएचर श्नाउझर, ल्हासा अप्सो, शिह त्झू यांना त्याचा धोका अधिक असतो. त्यांना पालक आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या टाळाव्या लागतात. मात्र कॅल्शियम एकाएकी तोडणेही चुकीचे, कारण आतड्यात कॅल्शियम कमी पडले की ऑक्झलेट जास्त शोषले जाते. सिस्टीनच्या खड्यांत प्राणिज प्रथिने व मीठ मर्यादित ठेवतात आणि लघवी अल्कधर्मी राखतात.

अमेरिकी पशुवैद्यकीय तज्ज्ञांच्या २०१६ च्या शिफारशींत ही शिकवण एकत्र आली. स्ट्रुव्हाइट शक्यतो विरघळवावा. ऑक्झलेटसारखे खडे टाळण्यासाठी ७५ टक्क्यांहून अधिक ओलावा असलेले अन्न द्यावे आणि लघवीचे विशिष्ट गुरुत्व १.०२० किंवा त्याहून कमी ठेवावे. म्हणून पथ्य ठरवताना आधी खड्याचे पृथक्करण आणि लघवीची तपासणी, मग त्या प्रकाराचे अन्न, आणि कोरड्या दाण्यांत पाणी मिसळून लघवी पातळ ठेवणे, हा क्रम पाळावा लागतो.