ट्रॉलिंग नव्हे, ट्रोलिंग: कयाकमागे गळ ओढून ट्राउट

मंडळी, आधी शब्दाचा घोळ मिटवूया. ट्रॉलिंग म्हटलं की आपल्याला तळ खरवडत जाणारं जाळं आठवतं, आणि त्यापाठोपाठ गोव्यात रांपणकारांनी केलेली आंदोलनं. ट्रोलिंग हा वेगळा शब्द. त्यात जाळं नाहीच. चालत्या होडीमागे गळ ओढत न्यायचा, एवढंच. इसवणासाठी पाठीमागे दोर सोडून होडी हळू चालवणारे आपल्यातही आहेत, त्यांना हे नवं नाही. जून-जुलैच्या बंदीत ट्रॉलर धक्क्याला लागले की आपली पोरं मोबाईलवर जे व्हिडिओ बघतात, त्यातलं एक हमखास असतं: अमेरिकेतला डोंगरी तलाव, प्लास्टिकची कयाक, त्यात एकटा माणूस आणि त्याच्या मागे उभे दोन रॉड. तो ट्राउट गरवतोय. गंमत अशी, की तो मासा बहुतेक वेळा त्या तलावात जन्मलेलाच नसतो.

रेनबो ट्राउट हा मूळचा प्रशांत महासागराकडच्या थंड नद्यांचा मासा. अंडी घालायला त्याला वाहतं पाणी आणि खडीचा तळ लागतो. धरणाच्या साठलेल्या पाण्यात तो जगतो, पण तिथे त्याची वीण सहसा होत नाही. म्हणून हॅचरीत वाढवून टाकीच्या ट्रकमधून आणून सोडतात. आपल्याकडे जलाशयात बोटुकली सोडतात आणि ती मोठी होईपर्यंत वाट बघतात. तिकडे पुष्कळ ठिकाणी वीतभर किंवा त्याहून मोठा, म्हणजे थेट तव्यावर जाईल असाच मासा सोडतात. आज सोडला, आठवड्याभरात कुणाच्या तरी गळाला लागला.

याचा खर्च कोण करतो? बराचसा गरवणारेच. परवान्याची फी असतेच. शिवाय १९५० च्या एका केंद्रीय कायद्याने रॉड, रील, आमिषं यांच्यावर कर बसतो, साधारण १० टक्के, आणि तो पैसा राज्यांच्या मत्स्य खात्यांकडे जातो. म्हणजे दुकानात गळ घेतला की पुढच्या माशाचे थोडे पैसे तिथेच भरले. पण मासेमार कुटुंबाला खटकेल अशी एक गोष्ट आहे: असा गरवलेला मासा विकता येत नाही. कॅलिफोर्नियात बऱ्याच तलावांवर दिवसाला पाच ट्राउट, तेही घरी खायला. आम्हाला विचाराल तर त्यांच्या जागी ते बरोबरच आहे. सगळ्यांनी पैसे घालून सोडलेला मासा एकाने बाजारात नेला, तर बाकीच्यांनी फी का भरावी? मात्र हाच नियम उचलून आपल्या जलाशयांवर लावा असं कुणी म्हणालं, तर आम्ही मान्य करणार नाही. आपल्याकडे त्या पाण्यावर चूल पेटते.

आता कामाचं. ट्रोलिंगमध्ये सगळा खेळ वेगाचा. ट्राउटसाठी ताशी दोन ते तीन किलोमीटर, म्हणजे माणूस रमतगमत चालतो त्याहूनही थोडं कमीच. इंजिनाची होडी एवढी हळू चालवणं कठीण, कयाक मात्र त्या वेगाला आपसूक बसते, आणि आवाजही नाही. पाठीमागे पंचवीस-तीस मीटर दोर सोडायचा. पुढे पत्र्याचा चमचा नाहीतर छोटा बनावट मासा. दोर सोडण्याआधी आमिष कयाकच्या बाजूला पाण्यात धरून बघायचं. चमचा डुलत चालला पाहिजे. गरगर फिरायला लागला तर वेग जास्त आहे, नुसता लोंबकळला तर कमी.

खोलीचं गणित आणखी मजेचं. चमचा जोरात ओढला की वर येतो, सावकाश ओढला की खाली जातो. पुढे प्लास्टिकची जीभ असलेला बनावट मासा याच्या उलट: ओढ मिळाली की तो जिभेच्या जोरावर खाली बुडी मारतो. दोन्ही एकदम लावले आणि वेग बदलला, तर एक वर जाईल, दुसरा खाली. म्हणून जाणकार सरळ रेषेत वल्हवत नाहीत, नागमोडी जातात. वळणावर बाहेरच्या बाजूचा गळ वेग घेतो, आतल्या बाजूचा मंदावतो. मासा कुठल्या रॉडला लागला त्यावरून कळतं, आज त्याला जलद आवडतंय की हळू. वल्ह्याच्या प्रत्येक माऱ्याला गळाला जो बारीकसा हिसका बसतो, त्यावरही मासा येतो. पायाने पॅडल मारायच्या कयाक आल्या आहेत, हात मोकळे राहतात हे खरं, पण हा हिसका त्यात मिळत नाही.

नुकता सोडलेला मासा काही दिवस घोळक्याने आणि वरच्या पाण्यात फिरतो, तेव्हा शिसं लावायची गरज नाही. उन्हाळ्यात मात्र वरचं पाणी तापतं. ट्राउटला साधारण १० ते १६ अंशांचं पाणी मानवतं, २० च्या वर तो कासावीस होतो आणि खाली उतरतो. तळाशीही जात नाही, कारण तिथे प्राणवायू कमी. मधल्या पट्ट्यात राहतो. तिथे पोचायला आत शिशाची तार असलेला दोर वापरतात, ज्याचा रंग दर नऊ-दहा मीटरला बदलतो. हळू चालीत एक रंग सोडला की गळ साधारण दीड मीटर खाली. चार रंग सोडले की सहा मीटर. मीटर नको, यंत्र नको, रंग मोजा.

मासा लागला की थांबायचं नाही, दोन-चार मारे आणखी मारायचे, नाहीतर दोर ढिला पडतो. ट्राउटचं तोंड नाजूक, त्यामुळे रीलचा ब्रेक हलकाच ठेवायचा. आणि अरुंद कयाकमध्ये तीन टोकांचा गळ मांडीत घुसायला वेळ लागत नाही, तेव्हा पक्कड हाताशी हवी.

सगळ्यात मोठी भीती पाण्याचीच, आणि ही आपल्या लोकांनी नीट ऐकावी, कारण आपलं पाणी कोमट. ट्राउटचं पाणी थंड असतं. बर्फासारख्या पाण्यात पडलात तर पहिलं एक मिनिट श्वास आवरत नाही, धाप लागते, तोंडात पाणी जातं. पुढच्या दहाएक मिनिटांत हातपाय आखडतात. शुद्ध हरपायला साधारण तास लागतो, पण लाइफ जॅकेट नसलेला माणूस त्याच्या आधीच बुडतो. तो पोहण्यात पटाईत असला तरी हात आखडल्यावर त्याचा उपयोग नाही. तिकडचे शहाणे लोक हवेकडे बघून कपडे घालत नाहीत, पाण्याकडे बघून घालतात. ऊन कितीही असो. आपल्यातली कितीतरी पोरं जहाजावर नोकरीला जातात, परदेशात स्थायिक होतात. सुट्टीत कुणी कयाकवर बोलावलं, तर जॅकेट पायाशी ठेवू नका, अंगात घाला आणि पट्टे आवळा.

इसवणाच्या दोराला तुम्ही किती वेग देता, पिसं लावता की पत्रा, आणि भरतीला बरं लागतं की ओहोटीला, ते खाली लिहा. जुन्या जाणत्यांना विचारून लिहिलंत तर आणखी बरं.