व्हिडिओ गेमची बाजारपेठ आणि मुलींचे स्थान

व्हिडिओ गेम हा मुळातच मुलग्यांचा छंद आहे, ही समजूत या माध्यमाइतकी जुनी नाही. ती १९८०च्या दशकात, प्रामुख्याने विक्रीच्या सोयीतून, रुजली. त्याआधी अटारी कंपनीच्या जाहिरातींत सगळे कुटुंब एकत्र खेळताना दिसे. नामको या जपानी कंपनीत तोरू इवातानी यांनी १९८० साली ‘पॅक-मॅन’ रचला तो आर्केडमध्ये, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांच्या दालनांत, स्त्रियांनीही यावे या हेतूने, आणि म्हणूनच गोळीबाराऐवजी त्यांनी खाण्याची कल्पना निवडली. त्याच वर्षी रॉबर्टा विल्यम्स यांच्या ‘मिस्टरी हाउस’ने चित्रमय साहसखेळांची वाट पाडली.

१९८३ साली अमेरिकेतील हा बाजार कोसळला. दुकानदार या मालाला बिचकू लागले होते, म्हणून निन्टेन्डोने १९८५ मध्ये आपला कन्सोल, म्हणजे दूरचित्रवाणीला जोडायचे खेळयंत्र, सोबत छोटा यंत्रमानव देऊन खेळणे म्हणून विकायला ठेवला. खेळण्यांच्या दुकानांत मुलग्यांचे आणि मुलींचे विभाग वेगळे असत. त्यांपैकी मुलग्यांचा विभाग वाट्याला आल्यावर जाहिराती, नियतकालिके आणि पुढच्या खेळांचे विषयही त्याच ग्राहकाकडे पाहून ठरू लागले. १९९६ च्या ‘टूम रेडर’मधील लारा क्रॉफ्ट धाडसी आणि हुशार होती, पण जाहिरातींनी तिच्या कर्तृत्वापेक्षा तिचे शरीरच पुढे केले.

त्याच वर्षी मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीच्या ‘बार्बी फॅशन डिझायनर’ या संगणकखेळाच्या पाच लाखांहून अधिक प्रती दोन महिन्यांत खपल्या आणि मुली संगणकावर खेळत नाहीत हा युक्तिवाद संपला. खेळांच्या रचनाकार आणि संशोधक ब्रेंडा लॉरेल यांचे काम याहून खोल होते. शेकडो मुलामुलींशी बोलून त्यांनी असे मांडले की मुलींना खेळातील हिंसेची भीती वाटत नाही, त्यांना ती कंटाळवाणी वाटते; त्यांना हवे असतात ते मैत्रीचे पेच आणि माणसांच्या गोष्टी. या अभ्यासातून उभी राहिलेली त्यांची ‘पर्पल मून’ ही कंपनी १९९९ मध्ये बंद पडली. ‘मुलींचे खेळ’ असा वेगळा कप्पा केल्याने जुनीच भिंत पक्की होते, हा त्या काळी घेतला गेलेला आक्षेप रास्त होता. मात्र लॉरेल यांचे निरीक्षण खरे ठरले.

त्याचा पुरावा २००० साली आलेल्या ‘द सिम्स’ने दिला. विल राइट यांच्या या खेळात घर बांधायचे, नोकरी सांभाळायची, शेजाऱ्यांशी जुळवून घ्यायचे. तो मुलींसाठी आहे असे कोठेही म्हटलेले नव्हते, तरी त्याच्या खेळाडूंत स्त्रियांची संख्या मोठी होती आणि २००२ मध्ये तो तोवरचा सर्वाधिक खपाचा संगणकखेळ ठरला. इतका स्पष्ट धडा मिळूनही मोठ्या कंपन्या दीर्घकाळ नायिकेला व्यापारी जोखीम मानत राहिल्या, हे या उद्योगाचे अक्षम्य अपयश आहे. वेगळी वाट शक्य असल्याचे उदाहरण भारतातही आहे: पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने घडवलेल्या, २०२० मध्ये प्रकाशित झालेल्या ‘राजी’ची नायिका भावाच्या शोधात निघालेली मुलगी आहे, आणि तो खेळ मुलींचा म्हणून नव्हे, तर प्राचीन भारतात घडणारा साहसखेळ म्हणून बाजारात आला.