मारेकरी गोगलगाय आणि घरातली माशांची पेटी

'गोगलगाय नि पोटात पाय' असं आपण वरून गरीब दिसणाऱ्या एखादीबद्दल म्हणतो. ही म्हण अगदी तंतोतंत लागू पडावी अशी एक गोगलगाय हल्ली शोभेच्या माशांच्या दुकानांतून मिळते. 'असॅसिन स्नेल' म्हणजे मारेकरी गोगलगाय, हे तिचं बाजारातलं नाव. मूळची ती थायलंड, मलेशिया, इंडोनेशियाकडची. इंचभर लांबीचा निमुळता शंख, त्यावर गांधीलमाशीसारखे पिवळे-तपकिरी पट्टे. दिसायला मोठी देखणी! आणि आवडतं खाणं काय, तर दुसऱ्या गोगलगाई.

टेंभुर्णीसारख्या गावातही आता पुष्कळ घरांतून माशांची काचपेटी दिसते. मुलांच्या हट्टापायी ती येते आणि आठ दिवसांनी तिची सगळी उस्तवार आईच्या गळ्यात पडते, हे काही मैत्रिणींना निराळं सांगायला नको. पाणवनस्पतीच्या एखाद्या काडीबरोबर बारीक गोगलगाईंची अंडी येतात. महिन्या-दोन महिन्यांत काचेवर, वाळूवर, नळीवर जिकडेतिकडे गोगलगाई! मग दुकानदार म्हणतो, "ताई, ह्या चार सोडा, सगळं साफ करतील." त्याचं म्हणणं खोटं नाही. पण ते अर्धंच आहे.

हिची शिकार बघण्यासारखी असते. दिवसा ती वाळूत पुरून बसते, फक्त श्वासाची नळी तेवढी वर. वास लागला की सावकाश निघते, सावज गाठते आणि तोंडातून लांब सोंड काढून शंखाच्या आतलं मांस खाते. मागे रिकामा शंख उरतो. एक गोगलगाय दिवसाला फार तर एखाद-दुसरं सावज खाते. तेव्हा सकाळी सोडली नि संध्याकाळी पेटी स्वच्छ, असं होत नाही बरं का! पन्नास लिटरच्या पेटीला तीन-चार पुरतात, आणि काही आठवडे धीर धरावा लागतो.

आता तिच्या शेजाऱ्यांचं. धडधाकट माशांच्या वाटेला ती जात नाही. गप्पी, मोली, टेट्रा हे सगळे तिच्याबरोबर सुखाने नांदतात. मेलेला मासा मात्र ती खाते. त्यामुळे सकाळी माशावर गोगलगाय बसलेली दिसली, तर तिनेच मारला असं धरून चालू नये. झिंग्यांचं थोडं जपून. कात टाकलेला किंवा आजारी झिंगा तिच्या तावडीत सापडू शकतो.

खरा धोका आहे तो आपल्याच लाडक्या गोगलगाईंना. पिवळी, निळी मोठी 'मिस्टरी' गोगलगाय कित्येक मुलं नाव ठेवून पाळतात. माझ्या ओळखीच्या एका घरी नातीची अशी पिवळी गोगलगाय होती. "मोठीला काही करत नाहीत," असं सांगून पाच मारेकरी त्यांना दिल्या गेल्या. चौथ्या दिवशी सकाळी नुसता शंख. पोरीने दोन दिवस नीट जेवण घेतलं नाही. चार-पाच जणी मिळून आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या गोगलगाईला लोळवतात, हे तिच्या आजीला आधी कुणी सांगितलं असतं तर! ज्या पेटीत आवडीची गोगलगाय आहे, तिथे ही आणू नये. त्यात तडजोड नाही.

उलट काही मासे हिलाच खातात. पफर मासा आणि पट्टेवाले लोच हे त्यांतले. आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांत सापडणारा पट्टेरी लोचही गोगलगाई खातो, पण ती जात धोक्यात आलेली आहे. तेव्हा तो मासा विकत आणण्याचा मोह टाळलेला बरा.

आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. चहाच्या भांड्याला पांढरा थर बसतो म्हणून आपण त्याला नावं ठेवतो, पण शंखाला तेच मानवतं. हलक्या, आंबूस पाण्यात शंख झिजतो. नळाचं पाणी असेल तर रात्रभर बादलीत उघडं ठेवावं. एप्रिल-मे मात्र कठीण. तिला २२ ते २७ अंश बरे, आणि आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. पेटी उन्हाच्या भिंतीपासून हलवावी, झाकण काढून वर जाळी टाकावी आणि पंख्याचा वारा लागू द्यावा. माशांच्या पुष्कळ औषधांत तांबं असतं. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. असं औषध पेटीत पडलं की गोगलगाई आणि झिंगे दोन्ही दगावतात.

पण मी म्हणेन, आधी साधे उपाय करून बघा. गोगलगाई वाढतात त्या उरलेल्या खाण्यावर. मुलं जाता-येता चिमूट चिमूट टाकतात, ते बंद करा. रात्री काकडीची जाड चकती तळाशी ठेवा. सकाळी तिला चिकटलेल्या गोगलगाईंसकट बाहेर काढा. नवी वनस्पती तुरटीच्या पाण्यात दोन-तीन तास बुडवून, स्वच्छ धुऊन मगच पेटीत लावा. निम्म्या घरांत एवढ्यावर भागतं.

आणि मारेकरी जास्त झाल्या म्हणून त्या उजनीच्या पाण्यात नेऊन सोडू नका. लोकांनी पेट्यांतून टाकून दिलेल्या सकर माशांनी कोळ्यांची जाळी कशी फाटतात, ते भीमाकाठच्या कुणालाही विचारा. गोगलगाईंचा दाखलाही जुना आहे. जमिनीवरची एक शिकारी गोगलगाय १९५५ साली हवाई बेटांत मुद्दाम सोडली. मोठ्या आफ्रिकन गोगलगाईचा बंदोबस्त करायला. तीच पुढे १९७७ मध्ये ताहितीजवळच्या मोरेआ बेटावर सोडली. तिने आफ्रिकन गोगलगाय ठेवली बाजूला आणि तिथल्या इवल्या 'पार्तुला' गोगलगाई दहा वर्षांत रानातून संपवल्या. त्या भागातल्या बायका पार्तुलाच्या शंखांच्या माळा करत. प्राणिसंग्रहालयांनी थोड्या जगवून ठेवल्या होत्या म्हणून आता त्या परत रानात सोडता येताहेत.

हिच्यात नर-मादी वेगळे असतात, त्यामुळे एकच आणली तर सहसा पिलावळ होत नाही. अंडी काचेवर एकेक करून, पारदर्शक चौकोनी उशीसारख्या आवरणात घातलेली दिसतात. नको असतील तर नखाने खरवडून काढावीत. पेटीतल्या बारीक गोगलगाई संपल्या, की हिला उपाशी ठेवू नये. तळाला बसणाऱ्या माशांच्या खाद्याची एखादी गोळी दोन-तीन दिवसांनी टाकली की पुरते. नाहीतर ज्या मैत्रिणीकडे गोगलगाई माजल्या असतील तिच्याकडे, तिची पेटी आधी नीट बघून, पाठवून द्यावी.