पाळीपूर्वीची पाच मिनिटे

पनवेलजवळच्या तळोज्याच्या कारखान्यांत आगरी, घाटावरचा आणि उत्तर प्रदेशातून आलेला माणूस एकाच यंत्राशी उभा राहतो. त्यांनी एकमेकांशी मानाने कसे वागावे, हे शिकवायचे कसे?

नेहमीची रीत आपल्याला ठाऊकच आहे. वर्षातून एकदा सगळ्यांना सभागृहात बसवायचे, दिवसभर कलमे ऐकवायची, मग चहा आणि हजेरीपटावर सह्या! आठ दिवसांनी त्यातले काय उरते? हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवून दिले, की एका दमात घोकलेले झपाट्याने ओसरते. तेच काही दिवसांच्या अंतराने घोकले तर टिकते.

तेव्हा पाळीपूर्वी पाचच मिनिटे घ्या. एका सोमवारी एवढेच सांगा, की २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा वा अधिक माणसे कामाला असतील तिथे स्त्रियांच्या छळाच्या तक्रारींसाठी समिती हवी, आणि तिची अध्यक्ष स्त्रीच हवी. पुढच्या सोमवारी आधी तेच विचारा, मग नवे सांगा: कमी ऐकू येणाऱ्या सोबत्याशी बोलताना तोंड त्याच्याकडे ठेवा. लगेच करूनही पहा बरं का!

जातीचे मात्र एवढ्याने भागत नाही. याच जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले; आणि अजूनही डबा उघडताना कोण कुणापासून सरकून बसतो, ते पहा. तिथे मुकादमाने स्वतः त्या पंगतीत बसावे. आणि तक्रार आली, तर ती पुढच्या सोमवारवर ढकलू नये. त्याच दिवशी लिहून घ्यावी.