दृष्टिहीन बालकांचे दंतारोग्य

दाताला कीड लागू लागली की प्रथम त्यावर पांढुरका डाग उमटतो. हिरड्या सुजल्या की ब्रशवर रक्त दिसते. डोळस मुलाला आरसा ही सूचना वेळीच देतो. दृष्टिहीन मुलाला मात्र ती बहुधा दाढ ठणकू लागल्यावरच मिळते. त्याचे दात जन्मतः कमकुवत असतात, अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. दातांची निगा शिकविण्याची आपली सारी रीत डोळ्यांवर आधारलेली आहे, ही खरी अडचण होय. भिंतीवरील तक्ता त्याच्या उपयोगी पडत नाही आणि वडीलधाऱ्यांचे पाहून दात घासू लागण्याची संधीही त्याला लाभत नाही.

अशा मुलाजवळ बोटे आहेत, कान आहेत आणि जीभ आहे. बेळगाव येथील दंतवैद्यकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेली पद्धती याच आधारावर उभी आहे. प्रथम कृती शब्दांनी समजावून द्यावयाची, नंतर दातांच्या मोठ्या प्रतिकृतीवर मुलाचा हात धरून ब्रश फिरवावयाचा आणि शेवटी ती कृती त्याच्याकडून त्याच्याच दातांवर करवून घ्यावयाची, असा तिचा क्रम आहे. दात घासण्यापूर्वी व नंतर त्यांवरून जीभ फिरविण्याची सवय मुलाला लावावी. जंतूंचा चिकट थर, म्हणजे किटण, जिभेला जाडसर लागते. स्वच्छ दात काचेसारखा गुळगुळीत लागतो. हा फरक एकदा कळला की तपासणीसाठी मुलाला दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागत नाही. हिरडीतून येणाऱ्या रक्ताची खारट चवही त्याला ओळखावयास शिकविता येते.

वसतिगृहातील प्रश्न अगदी साधा, पण दुर्लक्षित आहे. सर्वांचे ब्रश एकाच डब्यात ठेवलेले असतील, तर आपला कोणता हे मुलाने कसे ओळखावे? दांड्याला रबराचे वेढे किंवा दोरा बांधून प्रत्येकाची खूण वेगळी करावी. टूथपेस्ट ब्रशवर नेमकी पडत नसेल, तर वाटाण्याएवढी बोटावर घेऊन दातांना लावावी. ती फ्लोराइडयुक्त असावी. मशेरीची सवय घरातून येते. ती मुलांना लागू नये, याकडे पालकांनी विशेष लक्ष पुरवावे. दयेपोटी मुलाच्या हाती वारंवार गोळ्या-बिस्किटे देणारे पाहुणेही नकळत त्याच्या दातांचे नुकसानच करीत असतात.

सुमारे सहाव्या वर्षी दुधाच्या दातांमागे पहिली कायमची दाढ येते. ती दुधाची समजून पालक दुर्लक्ष करतात आणि नेमकी तीच आधी किडते. ठेचकाळून पुढचे दात दुखावण्याचा धोकाही या मुलांना अधिक असतो. कायमचा दात मुळासकट निखळल्यास तो मुळाशी न धरता, न घासता, दुधात ठेवून शक्यतो तासाभरात दंतवैद्याकडे न्यावा.

महाराष्ट्रातील पालघर येथून २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांच्या दृष्टिदोषाप्रमाणे दातांचीही तपासणी अंतर्भूत आहे. पथक येण्याच्या दिवशी मुख्याध्यापकांनी दृष्टिहीन विद्यार्थ्यांची नावे आधी सांगावीत. पुढील उपचारांसाठी मुलाला दवाखान्यात नेल्यावर खुर्ची मागे झुकविण्यापूर्वी त्याला तसे सांगावे, यंत्राचा आवाज आधी ऐकवावा, आरसा हाताळू द्यावा. न सांगता तोंडात आलेला पाण्याचा फवारा मुलाच्या मनात एवढी धास्ती निर्माण करतो की पुढच्या वेळी ते तोंडच उघडत नाही.