इंग्रजीतील स्वतंत्र आणि गौण उपवाक्ये



मागील घटकात आपण कर्ता, क्रियापद आणि कर्म यांचा परिचय करून घेतला. या घटकात उपवाक्याचा, म्हणजे इंग्रजी व्याकरणात ज्याला ‘क्लॉज’ म्हणतात त्याचा, विचार करावयाचा आहे. उपवाक्यांचे परस्परसंबंध कळले म्हणजे लांबलचक इंग्रजी वाक्याचे भय उरत नाही. शिवाय एखाद्या सूचनापत्रातील अट उलट समजून होणारे नुकसानही टळते.

१. उपवाक्य कसे ओळखावे?

ज्या शब्दसमूहात कर्ता आणि काळ दाखवणारे क्रियापद असते, त्यास उपवाक्य म्हणतात. ‘आफ्टर द मीटिंग’ हा नुसता पदबंध आहे, कारण त्यात क्रियापद नाही. ‘आफ्टर द मीटिंग एंडेड’ हे मात्र उपवाक्य आहे. ‘टू गो’ किंवा ‘गोइंग’ ही रूपे एकटी असताना काळ दाखवत नाहीत, म्हणून ती येथे धरू नयेत. ‘वॉज गोइंग’ असे साहाय्यक क्रियापदासह आलेले रूप एकच मानावे. वाक्यातील अशी काळदर्शक क्रियापदे मोजली, की त्यात साधारणपणे किती उपवाक्ये आहेत हे कळते.

२. स्वतंत्र आणि गौण

‘द बस वॉज लेट’ हे उपवाक्य एकटे उभे राहू शकते, म्हणून ते स्वतंत्र आहे. त्याच्या आरंभी केवळ एक शब्द जोडून पाहा : ‘बिकॉज द बस वॉज लेट’. कर्ता तोच आणि क्रियापदही तेच. तरीही आता हे उपवाक्य दुसऱ्या उपवाक्याची वाट पाहू लागते. ते गौण झाले. ‘आय मिस्ड द एक्झाम बिकॉज द बस वॉज लेट’ असे म्हटल्यावर वाक्य पूर्ण होते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. गौण उपवाक्याची खूण बहुधा त्याच्या दाराशीच, म्हणजे पहिल्या शब्दात, असते. ‘बिकॉज’, ‘दो’, ‘इफ’, ‘अनलेस’, ‘व्हेन’, ‘दॅट’, ‘हू’, ‘विच’ हे असे शब्द आहेत. काही वेळा ‘दॅट’ गाळला जातो. ‘आय नो ही इज ऑनेस्ट’ या वाक्यात तो अध्याहृत आहे. याउलट ‘अँड’, ‘बट’, ‘ऑर’ हे शब्द समान दर्जाची उपवाक्ये जोडतात. त्यांच्यामुळे संयुक्त वाक्य तयार होते, तर गौण उपवाक्यामुळे मिश्र वाक्य.

३. गौण उपवाक्याची तीन कामे

गौण उपवाक्य कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, यावरून त्याचा प्रकार ठरतो. ‘शी सेड दॅट द ऑफिस वॉज क्लोज्ड’ : ती काय म्हणाली? हे नामवाक्य. ‘द बुक विच आय बॉट इज यूसफुल’ : कोणते पुस्तक? हे विशेषणवाक्य. ‘व्हेन द रेन स्टॉप्ड, वी लेफ्ट’ : आम्ही केव्हा निघालो? हे क्रियाविशेषणवाक्य.

४. मराठी वळणाचा अडथळा

या संज्ञा आपल्याला शालेय मराठी व्याकरणामुळे परिचित आहेत. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठी व्याकरणापासून आपल्या व्याकरणलेखनावर इंग्रजी व्याकरणाचा ठसा आहे. परंतु संज्ञा सारख्या असल्या, तरी दोन्ही भाषांच्या वाक्यरचना सारख्या नाहीत.

मराठीत संबंध दाखवणारे शब्द अनेकदा जोडीने येतात : जर–तर, जरी–तरी, जेव्हा–तेव्हा, जो–तो. ‘जरी तो थकला होता, तरी तो काम करीत राहिला’ या वाक्याचे इंग्रजी करताना विद्यार्थी ‘दो’ लिहितात आणि ‘तरी’साठी पुढे ‘बट’ही घालतात. इंग्रजीत एकच सांधा पुरतो : ‘दो ही वॉज टायर्ड, ही केप्ट वर्किंग’.

‘जो विद्यार्थी अभ्यास करतो, तो उत्तीर्ण होतो’ या वाक्यातील ‘तो’साठीही इंग्रजीत ‘ही’ नको. ‘द स्टुडंट हू स्टडीज पासेस’ एवढेच पुरेसे आहे. येथे विशेषणवाक्य नामाच्या लगेच पाठोपाठ येते, हेही लक्षात घ्यावे.

मराठीत ‘तो आला नाही. कारण तो आजारी होता.’ असे दोन तुकडे सर्रास चालतात. इंग्रजीच्या औपचारिक लेखनात मात्र ‘बिकॉज ही वॉज इल’ एवढ्यावर पूर्णविराम देणे सदोष मानले जाते. ते आधीच्या वाक्याला जोडून लिहावे.

५. जेथे अर्थच पालटतो

‘अनलेस’ या शब्दाच्या पोटात नकार असतोच. ‘यू विल नॉट गेट द सर्टिफिकेट अनलेस यू पे द फी’ म्हणजे शुल्क भरल्याशिवाय प्रमाणपत्र मिळणार नाही. मराठीतील ‘जोपर्यंत भरत नाही’ या रचनेच्या प्रभावाने ‘अनलेस यू डू नॉट पे’ असे लिहिले, तर शुल्क न भरणाऱ्यालाच प्रमाणपत्र मिळेल असा अर्थ होतो.

स्वल्पविरामाचेही तसेच आहे. ‘द वर्कर्स हू वर्क्ड ऑन संडे विल गेट एक्स्ट्रा पे’ : जे कामगार रविवारी कामावर होते, त्यांनाच जादा वेतन मिळेल. आता विशेषणवाक्याच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम द्या : ‘द वर्कर्स, हू वर्क्ड ऑन संडे, विल गेट एक्स्ट्रा पे’. आता अर्थ असा होतो, की ज्यांच्याविषयी बोलणे चालू आहे ते सर्व कामगार रविवारी कामावर होते आणि त्या सर्वांना जादा वेतन मिळेल. पहिल्या वाक्यात उपवाक्य निवड करते. दुसऱ्यात ते केवळ अधिक माहिती पुरवते. कोणाला पैसे मिळणार, हे दोन स्वल्पविरामांवर ठरते. म्हणून करार, नेमणूकपत्र किंवा परिपत्रक वाचताना आधी स्वतंत्र उपवाक्य शोधावे, मग प्रत्येक गौण उपवाक्य कशाला जोडले आहे ते पाहावे आणि त्यानंतरच अर्थ लावावा.

स्वाध्याय

अ) गौण उपवाक्य ओळखून त्याचा प्रकार सांगा : ‘आय डू नॉट नो व्हेअर ही लिव्ह्ज’.

आ) दुरुस्त करा : ‘दो इट वॉज लेट, बट वी वेटेड’.

इ) इंग्रजीत लिहा : ‘जी मुलगी गाते आहे, ती माझी बहीण आहे.’

उत्तरे : अ) ‘व्हेअर ही लिव्ह्ज’, नामवाक्य. आ) ‘बट’ गाळावा, किंवा ‘दो’ गाळून ‘बट’ ठेवावा. इ) ‘द गर्ल हू इज सिंगिंग इज माय सिस्टर’.

उत्तरे पाहण्यापूर्वी स्वतः प्रयत्न करावा. चुकलेल्या उत्तरासाठी संबंधित भाग पुन्हा वाचावा आणि तशीच दोन वाक्ये स्वतः रचून पाहावीत.